"ताई, मी अजून ढगच आहे": सेकंड लाइफमध्ये अवतार लोड होत नसेल तर

सेकंड लाइफ हे इंटरनेटवरचं आभासी जग. त्यात आपलं जे रूप वावरतं तो अवतार, आणि ज्या प्रोग्रामने आपण त्यात शिरतो तो व्ह्यूअर. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. "ताई, तिसरा दिवस आहे, मी अजून ढगच आहे. कॅशे दोनदा साफ केली, व्ह्यूअर काढून परत टाकला. आता काय लॅपटॉप फॉरमॅट करू?"

लॅपटॉपला हात लावू नकोस, म्हटलं. मग आम्ही दोघी फोनवर बसलो आणि वीस मिनिटांत तिचा ढग विरला. आधी पावलं आली, मग धड, आणि सगळ्यात शेवटी केस. त्या वीस मिनिटांत जे केलं आणि जे मुद्दाम केलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे. हा त्रास एकदा होऊन संपत नाही. महिना-दोन महिन्यांनी तो परत दार ठोठावतो, आणि दर वेळी माणूस घाबरून नेमकं उलटंच काहीतरी करून बसतो.

ज्यांनी अजून हा ढग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉगिन होतं, जमीन दिसते, झाडं दिसतात, चॅटमध्ये लोक बोलताना दिसतात. पण आपण जिथे उभे असतो तिथे माणसाऐवजी धुराचा लोट घुटमळत असतो. चालता येतं, बोलता येतं, अंग मात्र नाही. फार पूर्वी, ढगाची सोय येण्याआधी, ज्याचं रूप पोहोचलं नाही त्याला सरसकट एका ठरावीक बाईचं रूप मिळायचं. जुने रहिवासी तिला 'रूथ' म्हणतात. कोणी जुनंजाणतं "मी रूथ झाले" म्हणालं, तर दुखणं हेच आहे असं समजा.

आधी हे कळू द्या की अवतार नटतो कुठे

नाटकाचा रंगपट डोळ्यांसमोर आणा. 2013 च्या आधी प्रत्येक नट आपापल्या घरून मेकअप करून यायचा. म्हणजे तुमचा व्ह्यूअर तुमच्याच संगणकावर कातडी, टॅटू, अंतर्वस्त्रं, शर्ट हे थर एकमेकांवर चढवून त्यांचं एक चित्र करायचा आणि ते सर्व्हरकडे पाठवायचा. याला बेक करणं म्हणतात. 2013 मध्ये सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीने हे काम आपल्या सर्व्हरवर नेलं. आता रंगपट तिकडे आहे. तुमच्या हातात उरली ती फक्त यादी: आज अंगावर काय काय चढवायचं आहे. ही यादी इन्व्हेंटरीत, म्हणजे तुमच्या सगळ्या वस्तूंच्या कपाटात, 'करंट आउटफिट' नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिथे खऱ्या वस्तू नसतात, वस्तूंकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. रंगपटातला माणूस ही यादी वाचतो, थर चढवतो, आणि तयार झालेलं चित्र तुम्हाला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना पाठवतो.

पुढचं सगळं निदान या एका गोष्टीवर उभं आहे. यादी सर्व्हरवर आहे. रंगपटही सर्व्हरवर आहे. तुमच्या लॅपटॉपवरचा व्ह्यूअर शंभर वेळा काढून टाकलात तरी त्या यादीतलं एक अक्षर हलत नाही. माझ्या बहिणीची बिचारीची तीन दिवसांची मेहनत त्यामुळेच वाया गेली. शिवाय व्ह्यूअरचा सेटिंग्जचा फोल्डर बॅकअप न घेता उडवल्यामुळे जुन्या गप्पांची सगळी नोंदही गेली. तिला ढगापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून आधी काहीही न करता नुसतं बघा. तुम्हाला तुमचा अवतार कसा दिसतोय? शेजारी उभ्या असलेल्याला विचारा, त्याला तुम्ही कसे दिसता? आणि इतर लोक तुम्हाला कसे दिसतात? या तीन उत्तरांतच बहुतेक वेळा दुखणं सापडतं.

तुम्ही ढग, बाकी सगळे ठीक: यादीत किंवा रंगपटात गडबड आहे.
तुम्ही राखाडी, लोकही राखाडी, भिंतीसुद्धा राखाडी: चित्रं तयार आहेत, पण तुमच्यापर्यंत येत नाहीत. दुखणं तुमच्या लाइनमध्ये आहे.
तुम्हाला स्वतःला तुम्ही झकास दिसता, पण इतरांना कालचेच कपडे दिसतात: तुमच्याकडची यादी आणि सर्व्हरकडची यादी जुळत नाही.

ढगाचा उपाय

घाई करू नका, पहिला उपाय तोच. लॉगिन झाल्या झाल्या इन्व्हेंटरीची खिडकी उघडा आणि वस्तूंचा आकडा बघा. तो वाढत असेल तर इन्व्हेंटरी अजून उतरते आहे. आकडा थांबेपर्यंत कपडे बदलू नका. आकडा हलतच नसेल तर शोधाच्या चौकटीत एखादं अक्षर टाइप करा, बऱ्याचदा तेवढ्याने ती पुढे सरकते. ज्यांच्या इन्व्हेंटरीत एकाच फोल्डरमध्ये हजारो वस्तू कोंबलेल्या असतात त्यांना इथेच जास्त वेळ लागतो. सवड काढून त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवा.

आकडा स्थिर झाला की कंट्रोल, ऑल्ट आणि आर ही तीन बटणं एकत्र दाबा. याने रंगपटाला निरोप जातो की परत एकदा थर चढव. फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर वापरत असाल तर हेच काम अवतार मेन्यूतल्या 'अवतार हेल्थ'मधून होतं. एकदा दाबून निदान मिनिटभर थांबा. वरचेवर दाबत राहिलं तर प्रत्येक वेळी काम पहिल्यापासून सुरू होतं, हे मी स्वतः खूप उशिरा शिकले.

तरीही ढग राहिला तर आता यादी तपासायची. इन्व्हेंटरीच्या 'वॉर्न', म्हणजे अंगावर घातलेल्या वस्तूंच्या, टॅबवर जा. तिथे चार गोष्टी असल्याच पाहिजेत: शेप, स्किन, डोळे आणि हेअर बेस. या चौघांपैकी एक जरी नसला तरी अवतार पूर्ण होत नाही. सगळ्यांचा घोळ होतो तो हेअर बेसवर. आपण मेशचे, म्हणजे त्रिमितीय साच्याचे, सुंदर केस डोक्यावर चढवलेले असतात, त्यामुळे वाटतं की केस तर आहेत. पण ते केस म्हणजे वरून लावलेला टोप. त्याच्याखाली जुन्या पद्धतीचा एक हेअर बेस लागतोच, मग तो नुसता टकलाचा का असेना. मेश डोळ्यांचंही तेच.

माझ्या बहिणीच्या यादीत शेप होता, स्किन होती, डोळे होते. हेअर बेस नव्हता. मी विचारलं, शेवटी कपडे कधी बदलले होतेस? तेव्हा तिला आठवलं, रविवारी गावाला जाताना गाडीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. घाटात रेंज गेली आणि व्ह्यूअर बंद पडला. कपडे बदलायचे म्हणजे यादी पुसून नवी लिहायची. ती मध्येच तुटली आणि अर्धवट राहिली. तीन दिवस रंगपट तीच अर्धवट यादी वाचत होता.

अशा वेळी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे कंपनीने दिलेला आयता पोशाख अंगावर घेणं. इन्व्हेंटरीत खाली 'लायब्ररी' असते. त्यात 'क्लोदिंग', आणि त्यात 'इनिशियल आउटफिट्स'. कुठलाही एक पोशाख निवडा, त्या फोल्डरवर उजवं क्लिक करा आणि सध्याचा पोशाख बदलून हा घाला असं सांगा. त्यात शेप, स्किन, डोळे, केस सगळं असतं, त्यामुळे यादी नव्याने आणि पूर्ण लिहिली जाते. दोन-तीन वेळा करावं लागेल. बहिणीला तिसऱ्या खेपेला यश आलं. आयत्या पोशाखात अवतार उभा राहिला की मग सावकाश, एकेक करून आपल्या वस्तू चढवा. सगळ्या एकदम नकोत. एखादी वस्तू चढवताच परत ढग झाला तर चोर सापडला, ती वस्तू बाजूला ठेवा.

लायब्ररीही साथ देत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि क्यू दाबून 'डेव्हलप' मेन्यू उघडा. त्यात 'अवतार' आणि त्याखाली 'कॅरेक्टर टेस्ट्स' आहे, तिथून चाचणीचा पुरुष किंवा स्त्री अवतार घेता येतो. काम झालं की हा मेन्यू बंद करा. त्यात इतरही बरीच बटणं आहेत आणि उगाच हात लावण्यासारखी ती नाहीत.

जागेचाही फरक पडतो. माणसांनी खच्चून भरलेल्या क्लबात उभं राहून ही दुरुस्ती होत नाही. लॉगिनच्याच पडद्यावर सुरुवातीच्या जागेत 'पूह' किंवा 'स्मिथ' लिहा. हे जवळजवळ रिकामे प्रदेश आहेत. तिथे उतरा, इन्व्हेंटरी भरू द्या, अवतार नीट होऊ द्या, आणि मग हव्या त्या ठिकाणी टेलिपोर्ट करा. मी तर मोठा कार्यक्रम असेल त्या दिवशी आधी रिकाम्या जागीच उतरते.

वेळेचंही बघा. सेकंड लाइफचं घड्याळ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतं. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. मंगळवारी आणि बुधवारी प्रदेशांचे सर्व्हर पाळीपाळीने बंद करून चालू करतात, आणि त्यांची ती सकाळ म्हणजे बहुतेक आपली संध्याकाळ. ऑफिस सुटल्यावर मंगळवारी लॉगिन करून ढग झालात तर आधी सेकंड लाइफचं स्टेटसचं पान उघडून बघा. तिकडेच काम चालू असेल तर जेवण उरकून या, तोवर तुमच्या हातात काही नाही.

लाइनचं दुखणं, म्हणजे राखाडी जग

आपल्याकडून जोडणाऱ्यांना हा भाग जास्त भोगावा लागतो, म्हणून इथे थोडी थांबते.

2020 च्या अखेरीस सेकंड लाइफचं सगळं बिऱ्हाड ॲमेझॉनच्या क्लाउडवर गेलं, आणि प्रदेश अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगन राज्यातून चालतात. माझ्या घरून तिथपर्यंत जाऊन यायला सिग्नलला अडीचशे मिलिसेकंदांच्या पुढेच लागतात. ते अंतर कोणालाच कमी करता येणार नाही, आणि तेवढ्याने अवतार अडतही नाही. अडतो तो वाटेत माहितीची पाकिटं (पॅकेट) गळली की. कंट्रोल, शिफ्ट आणि 1 दाबा, आकड्यांची पट्टी उघडेल. त्यात 'पॅकेट लॉस' बघा. तो शून्य किंवा शून्याच्या आसपास हवा. तो सतत दोन-तीन टक्क्यांवर असेल तर व्ह्यूअरमध्ये काहीही करून उपयोग नाही, आधी लाइन सुधारा. वायफाय सोडून केबल लावा. राउटर भिंतीतून बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा. हे सांगायला अगदी साधं वाटतं, पण आठवडे-आठवडे न थांबलेला राउटर सेकंड लाइफसारख्या असंख्य जोडण्या उघडणाऱ्या गोष्टीखाली खरंच गुदमरतो.

मग प्रेफरन्सेसमधली बँडविड्थ बघा. इथे बहुतेक जण फसतात. घरी 200 एमबीपीएसची लाइन आहे म्हणून ते पट्टी शेवटपर्यंत ओढतात. पण हा आकडा चित्रांच्या डाउनलोडचा नाही. तो व्ह्यूअर आणि प्रदेश यांच्यातल्या थेट संवादाचा आहे, आणि तो फुगवला की पाकिटं गळायला लागतात. तुमच्या वेगाच्या 80 टक्के धरा आणि कितीही वेगवान लाइन असली तरी 1500 केबीपीएसच्या वर जाऊ नका. मोबाइल हॉटस्पॉटवर मी 500 ठेवते.

चित्रं येतात ती वेगळ्याच रस्त्याने. 2014 पासून टेक्श्चर (पृष्ठभागावरची चित्रं) आणि मेश जगभर पसरलेल्या साठवणीच्या जाळ्यातून, म्हणजे सीडीएनमधून येतात, तुमच्या जवळात जवळच्या ठिकाणाहून. जवळचं ठिकाण कुठलं हे ठरवायला डीएनएस, म्हणजे नावावरून इंटरनेटचा पत्ता शोधून देणारा, लागतो, आणि गोची तिथेच होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी चार दिवस सगळं जग राखाडी होतं. लाइनचा वेग पुरेपूर, पॅकेट लॉस शून्य, यूट्यूब सुरळीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडलं की दहा सेकंदांत रंग भरायचे, घरच्या लाइनवर आलं की परत राख. याचा अर्थ लॅपटॉप ठीक, व्ह्यूअर ठीक, अकाउंट ठीक. इंटरनेटवाल्याचा डीएनएस कुठल्या तरी अवघड पत्त्यावर पाठवत होता. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस बदलून गुगलचा 8.8.8.8 आणि जोडीला क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 टाकला, व्ह्यूअर बंद करून उघडला, आणि समोरच्या भिंतीवर विटा उमटल्या. राखाडी जगाला माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: हॉटस्पॉटवर काय दिसतं? ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि अर्धा गुंता तिथेच सुटतो.

अँटिव्हायरसकडेही एक नजर टाका. व्ह्यूअर क्षणाक्षणाला शेकडो छोट्या फाइली कॅशेत लिहीत असतो आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघत बसतो. कॅशेचा फोल्डर आणि व्ह्यूअरचा प्रोग्राम त्याच्या अपवादांच्या यादीत घाला. यानंतर चित्रं स्पष्ट व्हायचा वेळ लक्षात येण्याइतका कमी होतो.

आणि कॅशे साफ करणं हा पहिला उपाय नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. कॅशे म्हणजे आधी उतरवलेल्या वस्तूंचं कोठार. ते रिकामं केलं की आधीच अडखळणाऱ्या लाइनवर सगळं पहिल्यापासून उतरवायचं ओझं पडतं, म्हणजे राखाडी आणखी वाढतं. इन्व्हेंटरीचा आकडा नेहमीपेक्षा कमी दिसत असेल तर फक्त इन्व्हेंटरीची कॅशे साफ करा, आणि रिकाम्या प्रदेशात लॉगिन करून ती भरू द्या. पूर्ण कॅशे तेव्हाच साफ करा जेव्हा चित्रं चुकीच्या जागी दिसतात, म्हणजे कोणाच्या चेहऱ्यावर गालिच्याची नक्षी वगैरे.

मला छान दिसतं, इतरांना नाही

हा प्रकार मनाला लागतो, कारण कळतच नाही. आपण नवी साडी नेसून मिरवत असतो आणि कोणी तरी हळूच येऊन सांगतं की तू अर्धी गायब आहेस. अशा वेळी पुन्हा कंट्रोल, ऑल्ट, आर. नाही जमलं तर एखादा थर काढा आणि परत घाला, म्हणजे यादीची नवी प्रत सर्व्हरकडे जाते. मग पूर्ण लॉगआउट करा, पाच मिनिटं थांबा आणि परत या. लगेच परत आलात तर जुनं सत्र तिकडे जिवंत असू शकतं.

दागिने, चपला, केस अशा जोडवस्तू टेलिपोर्टनंतर गायब होतात तेव्हा मात्र बेकचा काही संबंध नाही. इन्व्हेंटरी म्हणते घातलंय, अंगावर नाही. ती वस्तू काढून परत घाला, नाहीतर फायरस्टॉर्मच्या अवतार हेल्थमधून जोडवस्तू ताज्या करा. मर्यादाही लक्षात ठेवा: जोडवस्तू 38, आणि कपड्यांचे थर सगळे मिळून 60.

जे बिघाड वाटतात पण नसतात

समोरचा माणूस एकरंगी बाहुलीसारखा दिसत असेल तर त्याचं लोडिंग अडलेलं नाही. त्याने अंगावर इतकं जड सामान घातलंय की तुमच्या व्ह्यूअरने ठरलेल्या मर्यादेपलीकडे ते रंगवायचं नाकारलं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये अवताराच्या कॉम्प्लेक्सिटीची पट्टी वाढवा, किंवा त्याच्यावर उजवं क्लिक करून तेवढ्या एकालाच पूर्ण दाखवायला सांगा. मी दुसरं करते, कारण पट्टी वाढवली की माझा लॅपटॉप तापतो.

हातपाय वेडेवाकडे ताणले गेले असतील, मान खांद्यात रुतली असेल तर सांगाड्याचा घोळ आहे. अवतारावर उजवं क्लिक, 'रीसेट स्केलेटन'. क्षणात सरळ होतो. आणि लांबून कोणाचे बूट त्रिकोणी तुकडे दिसत असतील तर तो मेशचा कमी तपशिलाचा नमुना आहे, जवळ गेलात की भरतो.

मदत मागताना

एवढं सगळं करूनही ढग हटला नाही तर सपोर्टकडे जा, फायरस्टॉर्मवाल्यांचा मदतगट तर सेकंड लाइफमध्येच आहे. पण "अवतार लोड होत नाही" एवढंच लिहू नका. हेल्प मेन्यूत अबाउटची खिडकी आहे, तिथली सगळी माहिती कॉपी करून द्या. त्यात व्ह्यूअरची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड, प्रदेशाचं नाव, पॅकेट लॉस सगळं असतं. सोबत लिहा: मी स्वतःला कशी दिसते, शेजाऱ्याला कशी दिसते, हॉटस्पॉटवर काय झालं, दुसऱ्या व्ह्यूअरने लॉगिन केल्यावर काय झालं. दोन्ही व्ह्यूअरमध्ये ढग असेल तर यादी किंवा सर्व्हर. एकाच व्ह्यूअरमध्ये असेल तर त्याची सेटिंग्ज. आणि सेटिंग्ज पुसायची वेळ आलीच तर आधी तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, गप्पांच्या नोंदीसकट.

बहिणीने आता एक साधा पोशाख 'सुरक्षित' या नावाने आउटफिटमध्ये जपून ठेवला आहे: शेप, स्किन, डोळे, टकलाचा हेअर बेस, एक टीशर्ट, एक जीन्स. कधी गडबड झाली की ती आधी तोच घालते. आणि घाटातून जाताना कपडे बदलत नाही.